‘व्हेरी’चे मोल

इंग्रजी व्याकरणात ज्यांस परिमाणदर्शक क्रियाविशेषणे म्हणतात, त्यांपैकी जी कमालीची मात्रा दाखवितात अशा शब्दांविषयी आज थोडे लिहावे असे आम्ही योजिले आहे. ‘व्हेरी’, ‘एक्स्ट्रीमली’, ‘ॲब्सोल्यूटली’, ‘ऑफुली’ ही त्यांतील नित्याच्या परिचयाची. विषय शाळेच्या फळ्यावरचा आहे आणि जेवणानंतरच्या विसाव्यात मासिक हाती घेणाऱ्यांस तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या घरांतून मुलांची पत्रे, नोकरीचे अर्ज, सोयरिकीची बोलणी आणि दवाखान्याचे कागद आता बहुतांशी इंग्रजीतूनच होतात, त्या घरांत ह्या शब्दांचे वजन ठाऊक नसणे म्हणजे तराजूकडे न पाहता धान्य भरून घेणे होय. संस्कृत आणि इंग्रजी ह्या दोन भाषा मुलांच्या गळी उतरविण्यात आमचे बहुतेक आयुष्य गेले. त्यामुळे दोन्ही घरची मापे आमच्या हाताखालून गेली आहेत, आणि तिसरे मराठीचे माप तर जन्माचेच.

प्रथम ह्या शब्दांची कुळे पाहू. ‘व्हेरी’ हा शब्द मूळचा लॅटिन ‘वेरस’ म्हणजे ‘खरा’. जुन्या फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’, ‘सच्चा’ असाच होता. ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘तोच तो मनुष्य’ ह्या प्रयोगात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुढे ‘खरोखर चांगला’ म्हणता म्हणता ‘खरोखर’ गळाले आणि नुसते ‘फार’ उरले. मग खरेपणा दाखविण्यास नवा शब्द हवा, म्हणून ‘रिअली’ आणि ‘ट्रूली’ पुढे झाले. तेही आता त्याच वाटेने गेले आहेत. ‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः. त्याचे तर पुरतेच धिंडवडे निघाले. ‘हसून हसून मी लिटरली मेलो’ असे सांगणारा इसम आपल्यासमोर धडधाकट बसून चकल्या खात असतो! शब्दकोशकारांनीही हा अर्थ आता नोंदून ठेविला आहे. इंग्रजांस हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडेही वर्तमानपत्रांत रोज कोणीतरी ‘अक्षरशः वेडा होतो’, कोठेतरी ‘अक्षरशः पैशांचा पाऊस पडतो’.

दुसरे कूळ भयाचे. ‘ऑफुली’मध्ये ‘ऑ’ आहे, म्हणजे देवासमोर वा पर्वतासमोर उभे राहिले असता मनुष्याच्या मनात उत्पन्न होणारा आदरयुक्त धाक. ‘टेरिब्ली’, ‘ड्रेडफुली’, ‘फ्राइटफुली’ ह्यांत निव्वळ भीती. आणि वापर कोठे? तर ‘थँक्स ऑफुली’ म्हणून चहाचा पेला परत करताना. आपल्याकडील मुली ‘भयंकर गोड बाळ आहे’ म्हणतात तोच हा प्रकार. सर्व भाषांत मनुष्य मोठेपणा दाखविण्यासाठी प्रथम भयाकडे धाव घेतो, असे दिसते. जुन्या इंग्रजीत वेदनेकडेही घेतली होती. ‘सोअर’ म्हणजे व्रण, दुखणे. बायबलच्या 1611 सालच्या प्रसिद्ध भाषांतरात हाच शब्द ‘फार’ ह्या अर्थी पुष्कळ ठिकाणी आढळतो, आणि जर्मन भाषेतील ‘झेर’ म्हणजे ‘फार’ हा त्याचाच सख्खा भाऊ होय.

आपल्या मराठीची कुळेही कमी मौजेची नाहीत. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ म्हणजे विस्तीर्ण ह्यापासून आला. ‘खूप’ हा फारसी ‘खूब’ म्हणजे चांगला ह्यापासून. तेव्हा ‘खूप वाईट’ म्हणजे मुळात ‘चांगले वाईट’ झाले! इंग्रजीत ‘प्रिटी अग्ली’ म्हणतात त्यातील विसंगतीही अशीच. ‘बेहद्द’ म्हणजे ज्याला हद्द नाही ते, आणि ‘कमाल’ म्हणजे पूर्णत्व. दोन्ही यावनी घरची. संस्कृत ‘अत्यंत’ म्हणजे अंताच्याही पलीकडे गेलेले. ‘एक्स्ट्रीमली’च्या पोटात जो लॅटिन ‘एक्स्ट्रीमस’ आहे, त्याचा अर्थ ‘सर्वांत बाहेरचा’, म्हणजे शिवेवरचा. हे दोन शब्द शेजारी ठेविले म्हणजे आम्हांस नेहमी असे वाटते की, रोमन मनुष्य गावाच्या शिवेवर जाऊन थांबला आणि आपला मनुष्य शीव ओलांडून गेला. अतिशयोक्तीला अलंकारांत मानाचे पान देणाऱ्यांची भाषा ती! शिवेपलीकडे गेल्यावर पुन्हा ‘अत्यंतातील अत्यंत’ कसे व्हावे, ही अडचण मात्र दोघांसही सारखीच. श्रेष्ठ ह्या शब्दात ‘इष्ठन्’ हा परमावधीचा प्रत्यय आधीच आहे. त्यास ‘तमप्’ लावून ‘श्रेष्ठतम’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत तांबडी रेघ ओढण्यास काही शिक्षक अधीर असतात. त्यांनी जरा जपून असावे, कारण शुक्ल यजुर्वेदाच्या अगदी आरंभीच हा शब्द बसलेला आहे.

आता आपल्या लोकांच्या इंग्रजीकडे वळू. त्यात सर्वांत जुना आणि चिवट घोटाळा ‘टू’ आणि ‘व्हेरी’ ह्यांचा. ‘ही इज टू गुड’, ‘द फूड वॉज टू टेस्टी’ ही वाक्ये आपण रोज ऐकतो. रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणात ‘टू’चा अर्थ ‘हवे त्याहून जास्त’ असा स्पष्ट दिला आहे, ते पुस्तक हिंदुस्थानातील तीन पिढ्यांनी घोकले आहे, आणि तरीही घोटाळा जागच्या जागी आहे. ह्याचे कारण आळस नव्हे. कारण आपल्या ‘फार’ ह्या शब्दात आहे. ‘मुलगी फार गोड आहे’ ह्यात कौतुक आहे. ‘चहा फार गोड झाला’ ह्यात तक्रार आहे. शब्द एकच. कौतुक कोणते आणि तक्रार कोणती, हे मराठी मनुष्य बोलणाऱ्याच्या सुरावरून व ‘आहे’, ‘झाला’ ह्या क्रियापदांवरून बिनचूक ओळखतो. इंग्रजाने ही दोन कामे दोन नोकरांस वाटून दिली आहेत. आपण त्यांतील कोणासही हाक मारतो आणि भलताच येऊन उभा राहतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने अमेरिकेत स्थायिक झालेल्या वरपक्षास मुलीविषयी ‘शी इज टू सिंपल’ असे कळविले. वराची बहीण तिकडेच जन्मलेली. तिने ते वाचून आईस विचारले, “आई, त्यांना मुलगी एवढी भोळी वाटते, तर मग ते तिचे लग्न का करताहेत?” सुदैवाने त्या आईस दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून ते कार्य पार पडले.

दुसरी खोड द्विरुक्तीची. ‘व्हेरी व्हेरी गुड’ हे आपल्या ‘फार फार’, ‘गरम गरम’, ‘लांब लांब’ ह्यांवरून आले. मराठीत द्विरुक्तीने अर्थास गोलाई येते. इंग्रजीत ती लहान मुलाच्या बोलण्यासारखी ऐकू येते, इतकेच. तिसरी गोष्ट अशी की, काही विशेषणे स्वतःच शिखरावर बसलेली असतात. ‘एनॉर्मस’, ‘इम्पॉसिबल’, ‘युनीक’ ह्यांच्या मागे ‘व्हेरी’ लावणे म्हणजे कळसावर आणखी एक वीट ठेवणे. त्यांस हवाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ लागतो, जो मात्रा वाढवीत नाही, नुसती ग्वाही देतो. ‘मच बेटर’ शुद्ध आणि ‘व्हेरी बेटर’ अशुद्ध, ‘आय व्हेरी लाइक’ चालत नाही, भूतकालवाचक धातुसाधितापूर्वी ‘व्हेरी’ केव्हा व ‘मच’ केव्हा, इत्यादी बारकावे फाउलर साहेबांनी 1926 सालच्या आपल्या कोशात चर्चिले आहेत. ज्यांस हौस असेल त्यांनी ते तेथे पाहावे. संस्कृतात ही यातायात वेगळ्याच रीतीने मिटविली आहे. तेथे ‘पचति’ ह्या क्रियापदासच प्रत्यय लावून ‘पचतितराम्’ म्हणजे ‘अधिक चांगले शिजवितो’ असे करता येते. आणि वाढविण्याप्रमाणे पाणिनीने किंचित कमी पडण्याचीही सोय ठेविली आहे. जो विद्वान होण्यास थोडका उणा, तो ‘विद्वत्कल्प’. आमच्या व्यवसायातील पुष्कळ मंडळींस हा शब्द लागू पडतो. नावे सांगत नाही.

कमी सांगण्याची गोष्ट निघाली, तेव्हा इंग्रजाच्या ह्या बाबतीतील कसबाविषयी लिहिलेच पाहिजे. खानदानी इंग्रज मनुष्य ‘एक्स्ट्रीमली’ सहसा उच्चारीत नाही. घराला आग लागली असता ‘जरा गरम होते आहे’ म्हणेल. ‘रादर’, ‘क्वाइट’, ‘अ बिट’ ही त्याची हत्यारे. ‘क्वाइट गुड’ म्हणजे विलायतेत ‘बरा आहे’, अमेरिकेत ‘चांगलाच आहे’. आणि ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे दोन्हीकडे ‘सर्वथा अशक्य’. ह्या एका शब्दापायी आमच्या वर्गात जितका खडू झिजला तितका दुसऱ्या कशापायी झिजला नसेल. परंतु ही मितभाषा समोरच्यास कळत नसेल तर काय होते, ह्याचे दारुण उदाहरण कोरियातील युद्धात घडले. 1951 च्या एप्रिलमध्ये इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या एका पलटणीस चिनी फौजेने घेरले होते. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी ह्यांनी वरिष्ठ अमेरिकन सेनापतीस परिस्थिती कळविताना ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे ‘जरा चिकटच झाले आहे’, असे शब्द वापरले, असे सांगतात. इंग्रजाच्या भाषेत ह्याचा अर्थ ‘आम्ही बुडालो’ असा होता. अमेरिकनाने तो ‘थोडी अडचण आहे, पण निभावेल’ असा घेतला. माघारीचा हुकूम वेळेवर निघाला नाही. पलटणीतील शेकडो शिपाई मारले गेले वा कैद झाले. टेकडीवरून निसटून आपल्या गोटात परत आले ते थोडे. ह्या एका शब्दानेच सर्व घडले असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो शब्द त्या सैनिकांच्या कथेला अद्याप चिकटून राहिला आहे.

आपल्या घरांतूनही अशा शब्दांवर जीव टांगणीला लागल्याचे दिवस थोड्याच वर्षांपूर्वीचे आहेत. 2013 च्या जुलैमध्ये सरकारने तारखाते बंद केले. तोपर्यंत दूरच्या आप्ताच्या दुखण्याची बातमी तारेनेच यावयाची, आणि बहुधा इंग्रजीत. ठरीव शब्दांपलीकडे प्रत्येक शब्दास जादा पैसे पडत. म्हणून ‘व्हेरी’, ‘एक्स्ट्रीमली’ असल्या शब्दांस तारेत जागाच नव्हती. ‘मदर सीरिअस स्टार्ट इमिजिएटली’, झाले. त्या नुसत्या ‘सीरिअस’चाही एक अलिखित अर्थ असे. आमच्या लहानपणी तारेचा शिपाई दारी आला की आमच्या आजी चुलीवरचे आधण उतरवून ठेवीत. पाकीट फोडण्यापूर्वीच. ‘सीरिअस’ म्हणजे आजारी आहे हे वाचणाऱ्यास कळे, आणि बहुधा आटोपले आहे हेही कळे. परंतु प्रवास करणाऱ्यास वाटेत आशा राहावी म्हणून पाठविणाऱ्याने तो शब्द घातलेला असे. एकदा नागपूरहून आमच्या चुलत्यांविषयी तार आली तीत ‘सीरिअस’च्या मागे ‘व्हेरी’ होते. वडिलांनी ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि आईस म्हणाले, “दादा गेला. नाहीतर त्याच्या मुलाने ह्या शब्दाचे पैसे भरले नसते.” तसेच झाले होते. ज्या शब्दास पदरचे दाम मोजावे लागते त्याला केवढे वजन येते, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. आज भ्रमणध्वनीवर शब्दास कवडी पडत नाही. आमच्या घरातील नातवंडांचे निरोप आम्ही पाहतो. ‘सुपर’, ‘टोटली’, ‘सो सो हॅपी’. ती आनंदी आहेत ह्यात शंका नाही. परीक्षेत पहिले आल्यावर आणि वडापाव मिळाल्यावर ती सारख्याच मापाने आनंदी आहेत असे मात्र त्या निरोपांवरून दिसते, आणि तसे असेल हे आम्हांस खरे वाटत नाही.

इतके असूनही हे शब्द मुळातच पोकळ आहेत असे आमचे मत नाही. ज्यांनी त्यांस माप बांधून दिले त्यांच्या हाती ते रुपयासारखे खणखणीत वाजतात. आपल्या हवामानखात्याचे पाहा. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस पडला तर तो ‘हेवी’, 115.6 पासून 204.4 पर्यंत ‘व्हेरी हेवी’, 204.5 आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. येथे ‘व्हेरी’ म्हणजे कोणाचा उमाळा नव्हे, पर्जन्यमापकातील रेघ आहे. मराठीतील ‘अतिवृष्टी’ ह्या शब्दासही सरकारदरबारी अशीच रेघ आहे. मंडळातील मापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटरांवर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि पीक बुडालेल्या शेतकऱ्याचे नुकसानभरपाईचे कागद पुष्कळदा त्या आकड्यापासून पुढे सरकतात. ‘अति’ ह्या दोन अक्षरांवर एखाद्या घराची दिवाळी अवलंबून असावी, हे पाणिनीच्या स्वप्नातही आले नसेल.

मापालाही शेवट असतो, हे मात्र खरे. 26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईकरांच्या स्मरणातून जाणे नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाणी कोसळले, आणि त्याच शहरात कुलाब्यास सुमारे 74. कुलाब्याचा पाऊस ‘हेवी’ ठरला. सांताक्रूझचा ‘एक्स्ट्रीमली हेवी’, जसा 205 मिलिमीटरांचाही ठरला असता. साडेचारपटींहून अधिक अंतर एकाच शब्दात मावले, कारण त्यापुढे शब्दच बांधलेला नव्हता. वादळांच्या पायऱ्याही अशाच आहेत: ‘सिव्हिअर’, ‘व्हेरी सिव्हिअर’, ‘एक्स्ट्रीमली सिव्हिअर’ आणि सर्वांवर ‘सुपर’, त्या वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ किनाऱ्यास लागलेले निसर्ग हे वादळ नुसते ‘सिव्हिअर’ होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून गुजराथेकडे गेलेले तौक्ते ‘एक्स्ट्रीमली सिव्हिअर’पर्यंत चढले. परंतु श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागाईतदारास विचारा. त्याच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या त्या विशेषणावाचूनच्या वादळाने, कारण ते त्याच्या अंगणातून गेले. शब्दाने वारा मोजला होता, सुपारी मोजली नव्हती. ज्या गोष्टीचे माप असेल तेवढीच त्या शब्दाने सांगावी. अधिक अपेक्षा करू नये.

ह्याहून थोर उदाहरण सर्व जगाच्या व्यवहारातले आहे. पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेचा अभ्यास तपासून पाहण्यासाठी 1988 साली अनेक राष्ट्रांनी मिळून एक मंडळ स्थापिले. त्याची आद्याक्षरे आयपीसीसी. ह्या मंडळातील शास्त्रज्ञांस प्रश्न पडला की, आपली खात्री कितपत आहे हे लोकांस कोणत्या शब्दाने सांगावे. त्यांनी आपल्या शब्दांचे कोष्टकच बांधिले. ‘लाइकली’ म्हणजे शंभरात निदान सहासष्ट संभव, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे निदान नव्वद, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे निदान पंचाण्णव, आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे निदान नव्याण्णव. 2001 च्या वृत्तांतात, अलीकडची बरीचशी उष्णतावाढ मनुष्याच्या कृतीने झाली, हे ‘लाइकली’ म्हटले होते. 2007 साली तेथे ‘व्हेरी लाइकली’ आले. 2013 साली ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. एका शब्दाचा बदल होण्यास सहा सहा वर्षांचा अभ्यास आणि शेकडो विद्वानांची पडताळणी लागली, आणि तो मजकूर राष्ट्राराष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर ओळीओळीने संमत होऊन बाहेर पडला. ‘व्हेरी’वरून ‘एक्स्ट्रीमली’वर येण्यास आमच्या नातीस एक क्षण लागत नाही, ही गोष्ट येथे सहज आठवते. पुढे 2021 साली जो वृत्तांत निघाला त्यात ह्या मुद्द्यापाशी ना ‘व्हेरी’ होते, ना ‘एक्स्ट्रीमली’. मनुष्याने पृथ्वी तापविली, हे ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निःसंदिग्ध आहे, असे एकच विशेषण तेथे ठेविले होते. संशय फिटला तेव्हा क्रियाविशेषण गळून पडले.

हे सर्व आमच्या मनात घोळण्यास एक निमित्त झाले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या आमच्याकडे संध्याकाळी संस्कृत वाचावयास येत असे. ती पुढे स्थापत्यशास्त्राची पदवीधर झाली आणि जलव्यवस्थेच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्यास तिने एका शिष्यवृत्तीकरिता अर्ज केला. त्यासोबत, तिचा स्वभाव जाणणाऱ्या एखाद्या गुरुजनाचे पत्र हवे होते. तिचे वडील नमुन्याची दोन-तीन पत्रे घेऊनच आमच्याकडे आले. त्यांत जी मुले वर्णिली होती ती सर्वच्या सर्व ‘एक्सेप्शनली ब्रिलियंट’ होती, ‘एक्स्ट्रीमली हार्डवर्किंग’ होती आणि त्यांच्यासारखी मुले त्या त्या शिक्षकाने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आम्ही म्हटले, “मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे; तसे लिहितो.” ते अवघडून म्हणाले, “सर, नुसते ‘गुड’ लिहिले तर तिकडे त्याचा अर्थ ‘सामान्य’ असा करतात. बाकीचे सगळे ‘एक्स्ट्रीमली’ लिहितात. तिचे एकटीचे नुकसान होईल.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जेथे सर्वांनी मापे फुगविली आहेत तेथे खऱ्या मापाने देणारा मनुष्य घेणाऱ्यास कमी देतो. आम्ही आमच्या हिशेबाने ‘गुड’ लिहावे आणि वाचणाऱ्याने त्याच्या हिशेबाने ‘बेताची’ असे वाचावे, तर सत्य कोणी सांगितले? आणि ह्यात पणास लागले होते ते आमचे शुद्धलेखन नव्हे, तर त्या मुलीची दोन वर्षे आणि तिच्या बापाची मिळकत. दोन दिवस आम्ही पत्रास हात घातला नाही. घरात ह्यावर वाद झाला. आमच्या सूनबाईंचे मत वडिलांच्या बाजूचे पडले. “मामंजी, लग्नपत्रिकेत सगळ्यांनाच ‘श्रीयुत’ लिहितो ना आपण? तसे समजा आणि लिहून टाका,” असे त्या म्हणाल्या. युक्तिवाद चांगला होता. परंतु ‘श्रीयुत’ वाचून कोणी कोणास शिष्यवृत्ती देत नाही.

पत्रासोबत भरावयाचा एक छापील तक्ता होता. त्यात ही विद्यार्थिनी तुम्ही शिकविलेल्या शंभरांत पहिली एक, पहिल्या पाचांत, पहिल्या दहांत की पहिल्या पंचविसांत, असे चौकोन होते. तो पाहून आम्हांस हायसे वाटले. पाठविणाऱ्यांनीही ‘एक्स्ट्रीमली’वरील विश्वास सोडून पर्जन्यमापक पुढे केला होता! आम्ही शिकविलेली मुले डोळ्यांसमोर आणली, वर्षावर्षांची, आणि पहिल्या पाचांच्या चौकोनात खूण केली. पहिल्या एकाच्या नाही. ती जागा दुसऱ्या एका मुलाची आहे, आणि तो आज गावी शेती करतो.

मग पत्र लिहिले. पदवीच्या शेवटच्या वर्षी ह्या मुलीने एका ओढ्याच्या पाण्याची उंची पावसाळाभर रोज मोजली होती. मध्ये आठ दिवस तिला ताप आला. तेवढ्या दिवसांचे आकडे आजूबाजूच्या आकड्यांवरून बसवून टाकावे, असे जोडीदाराने सुचविले. कोणास कळणार नव्हते. तिने आठ ओळी कोऱ्या ठेविल्या, कारण खाली लिहिले, आणि परीक्षकाने त्याबद्दल गुण कापले. हे आम्हांस ठाऊक होते, कारण त्या संध्याकाळी ती रघुवंश वाचावयास आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. एवढी हकीकत आम्ही सहा ओळींत लिहिली. ‘ऑनेस्ट’ हा शब्द लिहिला नाही, ‘व्हेरी ऑनेस्ट’ तर नाहीच. प्रामाणिकपणास मात्रा लाविली की तो तेवढ्यापुरताच आहे असा वास येतो. ‘व्हेरी’ एकदा वापरले. संस्कृत काव्य वाचताना तिला अन्वय लागत नसे तेव्हा ती फार वेळ, न चिडता बसून राही. तेथे ‘व्हेरी पेशंट’ लिहिले. तो शब्द तेथे पैसे भरून लिहावा असाच होता.

वडिलांनी पत्र वाचले. एक पानभरच होते. “सर, एवढेच?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “एवढेच.” त्यांनी ते घडी घालून खिशात ठेविले, पुन्हा काढले, कोऱ्या ओळींची हकीकत पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “हे तिने घरी सांगितले नव्हते.”

पत्र गेले आहे. निकाल चैत्रात लागावयाचा आहे.